नखरे काढणारे चालूभाऊ

आमच्या भावजींनी माझ्या ताईचा हात भाजला. एकदा चुकून नव्हे, रोज, आणि घरात कुणाला कसला वास आला नाही की तिच्या हातावर फोड दिसला नाही. खुद्द ताईलाही कळलं नाही. उलट सुरुवातीला तिला बरं वाटत होतं! हे आठवलं की अजून मला असा संताप येतो की भावजी समोर बसलेले असतील तर मुकाट उठून खाली दुकानात जातात. जाऊ देत. पण आधी त्यांच्याविषयी सांगते. नाहीतर तुम्हाला ते कुणी राक्षस वाटतील, आणि तसा हा माणूस मुळीच नाही.

भावजींचं दुरुस्तीचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, मधे एक अंधारा लाकडी जिना. दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, पोट उघडून ठेवलेली धुलाईची यंत्रं, आणि या सगळ्यात नाकाच्या शेंड्यावर चष्मा लावून बसलेले भावजी. बंद पडलेली वस्तू त्यांच्याकडे आली की चालू होऊनच बाहेर पडायची, म्हणून लोक त्यांना चालूभाऊ म्हणू लागले. ताईचं लग्न ठरलं तेव्हा हे नाव ऐकून आमची आई दचकली होती. "चालू म्हणजे कसला चालू? आधी नीट चौकशी करा," असं तिनं वडिलांना दोनदा सांगितलं. चौकशीत निघालं ते असं, की माणूस इतका सरळ आहे की बाजारात त्याला कुणीही गंडवतं.

त्यांचा एक लाडका शब्द होता. नखरे.

इस्त्री जास्त तापली की आपोआप बंद होते, हा इस्त्रीचा नखरा. झाकण उघडं असलं की धुलाईचं यंत्र फिरत नाही, हा त्याचा नखरा. भांडं नीट बसलं नाही तर मिक्सर हूं की चूं करत नाही, हा आणखी एक. "यंत्राला बिचाऱ्याला काम करायचंच असतं हो," भावजी गिऱ्हाइकाला सांगायचे. "हे नखरे कंपनी त्याला शिकवते." मग ते स्क्रू काढायचे, आत कुठेतरी इवलासा तारेचा तुकडा जोडायचे आणि बटण दाबायचे. यंत्र गुरगुरायला लागलं की दोन्ही हात झटकून म्हणायचे, "काढला नखरा!" गिऱ्हाईक खूश, भावजी त्याहून खूश. टाकून द्यायची वस्तू जिवंत झाल्याचा त्यांना जो आनंद व्हायचा तो पाहून आपल्यालाही बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं.

ताई रफू करते. कोटाला सिगारेटचं भोक पडू दे, लोकरी शालीला कसर लागू दे, ताईच्या हातून कापड गेलं की भोक कुठे होतं हे मालकालाही सापडू नये. ती म्हणायची, "डोळे नुसते सोबतीला. खरं काम बोटं करतात." आणि ते अगदी खरं होतं. ती खिडकीशी बसायची, कापड मांडीवर घ्यायची, डोळे मिटायची आणि उजव्या हाताची तीन बोटं त्यावरून हलके फिरवायची. कुठला धागा तुटलाय, कुठला नुसता विरलाय, हे तिला स्पर्शानं कळायचं. लहानपणी मी तिच्या पाठीमागून कापडाचे तुकडे हातात द्यायचे आणि ती न बघता सांगायची, हे बाबांच्या सदऱ्याचं, हे तुझ्या फ्रॉकचं. कधी चुकली नाही.

आता त्या ओव्हनकडे येते.

घरातला मायक्रोवेव्ह कुणीतरी मोडीत काढलेला होता आणि भावजींनी तो जिवंत करून ताईला दिला होता. बरेच दिवस छान चालला. मग त्याच्या दाराची आकडी तुटली. आकडी नाही, म्हणून दार घट्ट लागेना, आणि दार लागत नाही म्हणून ओव्हन सुरूच होईना. भावजींनी उघडून बघितलं. आकडीचा तो भाग बाजारात मिळत नव्हता. पण त्यांचं त्यावाचून अडलं नाही. दार लागलंय की नाही हे ओळखणारे आत जे स्विच असतात, ते सगळे त्यांनी तारेनं जोडून टाकले. म्हणजे दार उघडं असो की बंद, ओव्हनला वाटणार बंदच आहे. "काढला नखरा," ते म्हणाले. फक्त एक झालं. दार आपण होऊन बोटभर उघडायचं. म्हणून ताई उजवा हात मागे नेऊन तळवा दाराच्या कडेवर दाबून उभी राहायची, तोंड खिडकीकडे, आणि आत चहाचं पाणी किंवा कालची भाजी गरम व्हायची.

एकदा मी विचारलं, "अगं, असं किती वेळ धरून उभी राहणार?"

"बरं वाटतं गं," ताई म्हणाली. "सुई धरून बोटं आखडतात ना, इथे छान शेक मिळतो. आतपर्यंत जातो."

भावजी जेवता जेवता म्हणाले, "बघा मेहुणीबाई, एकाच विजेत स्वयंपाक आणि शेक!"

आम्ही सगळे हसलो. ताई तर कधी कधी नुसता पाण्याचा वाडगा आत ठेवायची, शेक घेण्यासाठी. काम संपलं, हात दुखतोय, चला, पाच मिनिटं शेकू. आतपर्यंत जाणारा शेक. या शब्दांची मला आता शिसारी येते.

मग ताईच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मग आतून आग व्हायला लागली, वरून काही दिसायचं नाही, पण रात्री ती हात ओल्या टॉवेलात गुंडाळून झोपायची. भावजींना सांगितलं तर ते म्हणाले, "दिवसभर सुई धरल्यावर दुसरं काय होणार? उगीच नखरे नकोत." रागानं नव्हे हं, लाडानंच. त्यांच्या तोंडी तोच शब्द होता, यंत्राला तोच आणि बायकोलाही तोच. ताईनं आणखी एकदोनदा सांगितलं. पुढे सांगणं बंद झालं. भावजी मला म्हणाले, "बघितलंत? लक्ष दिलं नाही की आपोआप जातं."

त्याच सुमारास ताईनं रफू केलेला एक पांढरा सदरा गिऱ्हाइकानं परत आणून दिला. रफूच्या जागी लालसर डाग होता, वाळलेल्या रक्ताचा. ताई थक्क झाली. इतक्या वर्षांत तिनं कापडावर पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता. "माझं रक्त नाही हे," ती म्हणाली. "मला टोचलं असतं तर कळलं नसतं का?" सदरा धुऊन दिला. गोष्ट तिथेच राहिली.

मग अचानक गावभर सगळ्यांच्या फोनवर एक मजकूर फिरला. मायक्रोवेव्ह म्हणजे घरातला बॉम्ब, त्यातलं अन्न विषारी, बंद केल्यावरही किरण भिंतीत साठून राहतात, वगैरे वगैरे. लोक घाबरले. भावजींच्या दुकानात दुरुस्तीला आलेले ओव्हन न्यायला कुणी येईना. काहींनी ओव्हनमध्ये फोन ठेवून बाहेरून तो वाजवून बघितला आणि वाजला म्हणून हाय खाल्ली. भावजी भडकले. "अडाणी बाजार!" म्हणत दुकानात येरझाऱ्या घालू लागले.

ताईच्या गिऱ्हाइकांत एक बाई होत्या. इस्पितळातली यंत्रं तपासणं हे त्यांचं काम. त्यांचा एक लोकरी कोट ताईकडे रफूला होता. तो न्यायला येतील तेव्हा मीटर घेऊन या, अशी भावजींनी त्यांना गळ घातली, आणि शेजारपाजारच्यांनाही बोलावलं. म्हणाले, "एकदाचा सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावू."

बाई आल्या. हातात धरायचं छोटं यंत्र, पुढे एक टोक, वर काटा, आणि काट्याच्या शेवटी लाल पट्टा. त्यांनी दुकानातल्या एका ओव्हनमध्ये पेलाभर पाणी ठेवलं, रिकामा कधी चालवायचा नाही असं बजावलं आणि तो सुरू केला. मग मीटरचं टोक दारापासून तीन बोटं दूर धरून हळूहळू फिरवलं. चारही कडा, बिजागऱ्या, आकडीची जागा, काच. काटा जेमतेम हलला.

"एवढं थोडं प्रत्येकातून येतं," बाई म्हणाल्या. "याहून कितीतरी जास्त आलं तरी चालेल अशी मर्यादा आहे. आणि दोन पावलं मागे सरकलात तर हेही राहत नाही."

"पण अन्नात किरण उतरतात ना?" कुणीतरी विचारलं.

"अन्न तापतं, बस. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? तसंच आहे हे. बटण बंद, किरण बंद."

"आणि फोन वाजला तो?"

"फोनला वाजायला इतकासा सिग्नल पुरतो. त्यावरून काही कळत नाही."

भावजींची छाती फुगली. "ऐका! ऐका!" ते प्रत्येक वाक्यानंतर म्हणत होते. एकेक ओव्हन तपासून झाला, सगळे निर्दोष निघाले. शेजारी पांगले. भावजी बाईंना म्हणाले, "आता चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. कोटही वरच आहे."

आम्ही वर गेलो. ताईनं बाईंचा कोट काढून खुर्चीवर ठेवला, चहाचं पाणी आत ठेवलं, हात मागे नेऊन दार दाबलं आणि बटण फिरवलं.

बाईंच्या हातातलं मीटर किंचाळलं.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. खाली तासभर ते इतकं शांत होतं की त्याला आवाज आहे हेही मला माहीत नव्हतं. काटा लाल पट्ट्याच्या पलीकडे जाऊन आदळला आणि तिथेच थरथरत राहिला. बाई तर अजून ओव्हनपासून हातभर दूर होत्या. भावजी हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, "बिघडलं वाटतं तुमचं यंत्र." बाईंनी झेप घेतली आणि प्लग उपसून काढला. किंकाळी थांबली. ताई तशीच उभी होती, तळवा दारावर, काहीतरी चुकलं का आपलं, अशा चेहऱ्यानं.

"हात काढा तिथून," बाई म्हणाल्या. "इथेच धरता रोज?"

"हो. दार राहत नाही ना. आणि शेकही..."

"काय?"

"शेक मिळतो," ताई हळूच म्हणाली.

बाई मटकन खुर्चीवर बसल्या, स्वतःच्याच कोटावर. मग म्हणाल्या, "ताई, तो शेक नव्हता. आतल्या पाण्याबरोबर तुमचा हात शिजत होता."

मला ऐकू आलं ते मला समजायलाच वेळ लागला. हात शिजत होता. माझ्या ताईचा. या स्वयंपाकघरात, आम्ही हसत असताना, जेवत असताना. बाईंनी ताईचा हात हातात घेतला, कोटाला लावलेली टाचणी काढली आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. कुठल्या बोटाला टोचतेय सांगा." ताईनं डोळे मिटले. टाचणी अंगठ्याला लागली, ताई म्हणाली अंगठा. मग पुढच्या तीन बोटांना लागली, एकामागून एक. ताई डोळे मिटून वाट बघत होती.

"टोचा ना," ती म्हणाली.

मधल्या बोटावर रक्ताचा थेंब आला होता. मला तो पांढरा सदरा आठवला.

भावजींचा चेहरा मी त्यापूर्वी कधी तसा पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. मी बोलले, खूप बोलले. "तिनं सांगितलं होतं तुम्हाला! आग होतेय म्हणून सांगितलं होतं! नखरे म्हणालात! मग ती गप्प झाली तेव्हा तुम्हाला वाटलं बरं झालं? अहो भावजी, बोटंच मेली होती तिची!" ताई मला "अगं पुरे" म्हणत होती आणि मी थांबत नव्हते. भावजींनी ओव्हन जमिनीवर ठेवला, मागचे स्क्रू काढले आणि आतला तो तारेचा तुकडा चिमट्यानं ओढून तळहातावर घेतला. नखाएवढा होता.

बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "असे आणखी किती घरी जोडून दिलेत?"

भावजींनी मान वर केली. मला वाटतं, खरा धक्का त्यांना त्या क्षणी बसला. ते उठले, चप्पल न घालताच जिना उतरले आणि रस्त्याला लागले. बाई मीटर घेऊन त्यांच्यामागे धावल्या.

बहुतेक घरी नशिबानं आकड्या शाबूत होत्या. दार घट्ट लागत होतं, त्यामुळे गळती नव्हती. पण चालू असताना दार उघडलं तर ओव्हन बंद होणार नव्हता, हे लोकांना सांगताना भावजींची जीभ अडखळत होती. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "मला काही झालेलं नाही, मी देणार नाही." भावजींनी त्यांच्यादेखत वायर कापली आणि दुकानातला चांगला ओव्हन आणून दिला. बेकरीवाल्याकडे मात्र बाईंनाही घाम फुटला. तो बेकरीवाला यंत्र चालू ठेवूनच दार उघडत होता, आत हात घालून लोण्याचं भांडं फिरवत होता आणि कौतुकानं सांगत होता, "चालूभाऊंनी काय सोय करून दिलीय! थांबावंच लागत नाही. जरा ऊन लागतं हाताला, एवढंच." भावजी तिथेच पायरीवर बसले.

डॉक्टरांनी ताईची बोटं तपासली, कापूस फिरवून, सुई टेकवून. डोळेही तपासले, कारण अशा उष्णतेनं डोळ्यात मोतीबिंदू होऊ शकतो. डोळे वाचले होते, ती खिडकीकडे तोंड करून उभी राहायची म्हणून. बोटांच्या नसांबद्दल मात्र ते म्हणाले, "यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण सगळं जुळतंय. संवेदना परत येईल की नाही, तेही सांगता येत नाही. वाट बघा." ताईनं एवढंच विचारलं, "रफू करता येईल का?" डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत राहिले.

त्यानंतर ताई डोळ्यांनी रफू करायला शिकली. दिवा जवळ ओढून, भिंग लावून, कापडावर वाकून. काम व्हायचं, पण भोक कुठे होतं ते दिसायचं. ती गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकायची, आणि लोक कमी झाले. भावजी रोज सकाळी कापडाचा एक तुकडा तिच्या बोटांत द्यायचे. ती डोळे मिटून चोळायची आणि मान हलवायची. ते तुकडा खिशात घालून खाली जायचे. घरात नखरा हा शब्द उरला नव्हता. गिऱ्हाइकानं उच्चारला तरी भावजी दचकायचे. मी त्यांना पुष्कळ बोलून घेतलं होतं, पण ते तुकडा खिशात घालणं मात्र मला बघवायचं नाही.

काही महिन्यांनी मी ताईकडे मटार सोलत बसले होते. ताई दिव्याखाली एका शालीवर वाकली होती. एकदम ती ओरडली, "आई गं!"

माझ्या हातातलं भांडं पडलं. जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि भावजी दारात आले, हातात स्क्रूड्रायव्हर, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? काय झालं?"

"काही नाही हो. सुई टोचली मेली."

"कुठे?"

"हे काय, मधल्या बोटात. केवढं दुखलं..."

आणि ती थांबली. तिनं बोटाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मटार अजून खोलीभर घरंगळत होते. भावजी गुडघ्यांवर बसले, तिचा हात धरला, आणि हा माणूस, इतक्या महिन्यांत ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो हमसून हमसून रडायला लागला. "पुन्हा टोचून बघ ना," रडता रडता म्हणाला. "एकदाच."

"अहो, काय हे नखरे तुमचे!" ताई म्हणाली.

इतक्या महिन्यांनी तो शब्द घरात पहिल्यांदाच ऐकू आला. बाकीची दोन बोटं तशीच बधिर होती, ती आजही आहेत. पण मधलं बोट तिनं सुईनं आणखी एकदा दाबलं, ओठ चावले आणि म्हणाली, "दुखतंय. चांगलं दुखतंय."

"सांग," भावजी म्हणाले. "कुठे कुठे दुखतंय ते सगळं सांग मला."

मग ताई सांगत बसली. मधल्या बोटापासून सुरुवात केली ती मनगट, खांदा, पाठ, गुडघा असं करत पार लग्नानंतरच्या पहिल्या तापापर्यंत गेली. खाली दुकानात कुणीतरी केव्हापासून हाका मारत होतं. भावजी जागचे हलले नाहीत.